मिल्टनचे वाक्य आणि अन्वयाची पद्धती : इंग्रजी महाकाव्याच्या अध्ययनाचा एक विचार

इंग्रजी महाकाव्याच्या अध्ययनात मराठी विद्यार्थ्यास जी पहिली अडचण जाणवते ती शब्दांची आहे, असा सर्वसाधारण समज आहे. शब्दकोश जवळ घेऊन बसावे, पुराणकथांचे संदर्भ टिपून घ्यावेत, म्हणजे काव्य आपोआप उलगडेल, अशी अपेक्षा या समजामागे असते. परंतु ज्या विद्यार्थ्याने हा मार्ग प्रामाणिकपणे चोखाळला असेल त्याचा अनुभव निराळा असतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ कळूनही पंधरावीस ओळींचा आशय हाती लागत नाही. मग तो टिपणांकडे आणि सारांशांकडे वळतो. आणि एकदा सारांश वाचला की मूळ काव्य वाचण्याची निकड उरत नाही. जॉन मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’विषयी परीक्षेत चार पाने लिहू शकणारे पदवीधर पुष्कळ, आणि ते काव्य अथपासून इतिपर्यंत वाचलेले थोडे, अशी स्थिती त्यातून निर्माण होते.

अडचणीचे खरे स्थान वाक्यात आहे. मिल्टनचे वाक्य पुष्कळदा दहा-पंधरा ओळी चालते. त्यात क्रियापद कोठे येईल, विशेषण कोणत्या नामाचे आहे आणि उपवाक्य कोणाला चिकटले आहे, याचा उलगडा ओळीगणिक होत नाही. ही अडचण भारतीय अध्ययनपरंपरेला अपरिचित नाही. संस्कृत काव्य शिकविताना पाठशाळांतून पदच्छेद आणि अन्वय ही जी रीत शतकानुशतके चालत आली, ती नेमक्या याच अडचणीवरील उपाय होय. हीच रीत मिल्टनच्या वाक्याला कितपत लागू पडते आणि ती कोठे थांबवावी लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संज्ञेविषयी

आरंभी ‘महाकाव्य’ या संज्ञेविषयी थोडी सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत इंग्रजी ‘एपिक’साठी हाच शब्द रूढ झाला आहे. तथापि दंडीच्या ‘काव्यादर्शा’तील सर्गबंधाचे लक्षण, म्हणजे नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय इत्यादिकांची वर्णने आणि चतुर व उदात्त नायक, डोळ्यांसमोर ठेवून जो मिल्टनकडे जाईल त्याची दिशाभूल होण्याचा संभव आहे. इंग्रजी महाकाव्याने आपली वंशावळ होमर आणि व्हर्जिल यांच्यापासून सांगितली. कथेच्या मध्यातून आरंभ, काव्यदेवतेचे आवाहन, दीर्घ उपमा आणि वीरांच्या नामावळी या गोष्टी तिकडून आल्या.

शिवाय इंग्रजीतील महाकाव्य ही एकजिनसी वस्तू नाही. ‘बेवूल्फ’ हे ३१८२ ओळींचे काव्य प्राचीन इंग्रजीत असून त्याची ओळ अनुप्रासाने बांधलेल्या दोन अर्धांची आहे. ती भाषा विभक्तिप्रत्यययुक्त असून स्वतंत्र भाषेप्रमाणे शिकावी लागते. एडमंड स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’चे पहिले तीन खंड १५९० मध्ये आणि पुढील तीन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे एकक नऊ ओळींचे कडवे हे आहे. मिल्टनचे काव्य १६६७ मध्ये दहा सर्गांत निघाले आणि १६७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत, सातवा व दहावा सर्ग विभागून, त्याचे बारा सर्ग झाले. त्याच्या १०,५६५ ओळींत ना अनुप्रासाचे बंधन आहे, ना कडव्याचे, ना यमकाचे. अशा काव्यात अर्थाचे एकक वाक्याखेरीज दुसरे असूच शकत नाही. म्हणून अन्वयाच्या पद्धतीची कसोटी मिल्टनवर पाहणे सर्वांत उद्‌बोधक ठरते.

अन्वय कसा लावावा

संस्कृत अध्यापनात अन्वयाचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. दंडान्वयात श्लोकातील पदे गद्याच्या क्रमाने मांडली जातात. खंडान्वयात मुख्य क्रियापद प्रथम शोधून त्याला प्रश्न विचारले जातात : कोण? कोणाला? कशाने? कसा? कोठे? प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘कोणता?’, ‘कसला?’ असे प्रश्न विचारीत वाक्य भरत नेले जाते. मिल्टनसाठी खंडान्वय अधिक उपयोगी आहे.

काव्याच्या पहिल्याच वाक्यावर हा प्रयोग करून पाहावा. हे वाक्य सोळा ओळींचे आहे. त्याचे पहिले पद ‘विषयी’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय असून मुख्य क्रियापद सहाव्या ओळीच्या आरंभी, अडतीस शब्दांनंतर, येते. ते क्रियापद ‘गा’ असे आज्ञार्थी आहे. त्याला प्रश्न विचारले की वाक्याचा सांगाडा उभा राहतो. कोणी गावे? स्वर्गीय काव्यदेवतेने. कशाविषयी? मानवाच्या पहिल्या अवज्ञेविषयी आणि एका फळाविषयी. कोणते फळ? निषिद्ध वृक्षाचे. कसला वृक्ष? ज्याच्या आस्वादाने जगात मृत्यू आला तो. कोठवर? एक थोर मानव ते आनंदस्थान पुन्हा मिळवून देईपर्यंत. इतके झाल्यावर उरलेल्या दहा ओळींत काव्यदेवतेची स्थाने आणि कवीचा संकल्प यांची जोड कशी दिली आहे, हे समजण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

येथे मराठी वाचकाच्या एका अनुकूलतेकडे लक्ष वेधले पाहिजे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा वाचक क्रियापदाची अपेक्षा कर्त्याच्या पाठोपाठ करतो. अडतीस शब्द ताटकळत राहणे हे त्याच्या भाषिक सवयीच्या विरुद्ध आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अंती येते. कर्म, करण, अधिकरण ही सर्व मनात धरून क्रियेची वाट पाहणे हा मराठी भाषकाचा रोजचा व्यवहार आहे. ‘मानवाच्या पहिल्या अवज्ञेविषयी आणि त्या निषिद्ध वृक्षाच्या फळाविषयी गा’ हा क्रम मराठीत सहज वाटतो. त्यामुळे मिल्टनची रचना लॅटिनच्या वळणाची असल्यामुळे परकी वाटते, हा इंग्रजी समीक्षेतील जुना आक्षेप मराठी विद्यार्थ्याने उसना घेण्याचे कारण नाही.

दुसरी अनुकूलता संस्कृतच्या परिचयातून येते. सति सप्तमीची रचना ज्याला माहीत आहे त्याला मिल्टनमधील स्वतंत्र धातुसाधित रचना ओळखता येतात. ग्रंथाच्या नावाचेच उदाहरण घेता येईल. ‘गमावलेले नंदनवन’ असा त्याचा शब्दशः अनुवाद होतो. परंतु लॅटिनमध्ये नाम आणि भूतकालवाचक धातुसाधित यांच्या जोडीने क्रियेचाच बोध करून देण्याची रीत आहे. त्या रीतीने पाहता ‘नंदनवनाचे गमावणे’ हा अर्थ अधिक समर्पक ठरतो, कारण काव्याचा विषय ती घटना आहे. याच नावाचा ‘हरवलेला स्वर्ग’ असा अनुवाद केला तर आणखी एक घोटाळा होतो. ‘पॅरडाइज’ म्हणजे येथे ईश्वराचे निवासस्थान नव्हे. ते पृथ्वीवरील ईडन प्रदेशातील उपवन आहे. हा शब्द ग्रीकमार्गे प्राचीन इराणी भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘सभोवार भिंत घातलेली जागा’ असा आहे. त्याचे दोन्ही घटक संस्कृत ‘परि’ आणि ‘दिह्’ या धातूशी सजातीय आहेत. काव्यात स्वर्ग आणि उपवन ही दोन भिन्न स्थळे असल्यामुळे हा भेद केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचा राहत नाही. तो न केल्यास कथानकच कळेनासे होते.

प्रतिकूलताही सांगितली पाहिजे. संस्कृत कवी पदांचा क्रम मोकळेपणाने बदलतो, कारण विभक्तिप्रत्यय पदाची ओळख सांभाळतात. मिल्टनच्या इंग्रजीत नामांचे बहुतेक प्रत्यय झडून गेलेले आहेत. केवळ सर्वनामांत त्यांचे अवशेष आहेत. म्हणून जेथे सर्वनाम आहे तेथे तो कर्म निःशंकपणे पुढे आणतो, आणि जेथे नाम आहे तेथे वाचकाला संदर्भावरून कर्ता-कर्म ठरवावे लागते. अन्वय लावताना प्रथम सर्वनामांची रूपे तपासावीत, हा नियम यातून निघतो.

अन्वय मोडून पुन्हा वाचणे

अन्वय लागला म्हणजे वाचन संपले असे नव्हे. येथवर आलेला विद्यार्थी फार तर गद्य अनुवाद करू शकेल. कवीने तो क्रम का मोडला, हा प्रश्न अन्वयानंतरच विचारता येतो. आणि काव्याचा बोध या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

पहिल्या सर्गातील सैतानाच्या पतनाचे वाक्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. चव्वेचाळिसाव्या ओळीच्या मध्यावर ते ‘त्याला’ या कर्मवाचक सर्वनामाने सुरू होते. मग कर्ता म्हणून सर्वशक्तिमान ईश्वर येतो, मग फेकण्याची क्रिया, मग पेटत पेटत कोसळणे, अथांग विनाश, साखळदंड आणि अग्नी. आणि एकोणपन्नासाव्या ओळीत, अगदी शेवटी, ‘ज्याने’ ईश्वराला युद्धाचे आव्हान दिले हे संबंधी उपवाक्य येते. गद्यक्रमात ‘ज्याने आव्हान दिले त्याला ईश्वराने फेकले’ असे होईल. मराठीत तर ‘ज्याने... त्याला’ हीच स्वाभाविक जोडी आहे : आधी अपराध, मग शिक्षा. मिल्टन ही जोडी उलटी करतो आणि तिच्या दोन टोकांत पाच ओळींचे अंतर ठेवतो. परिणाम असा होतो की वाचक प्रथम कोसळणाऱ्या व्यक्तीबरोबर खाली जातो आणि त्याचे कारण त्याला तळाशी पोहोचल्यावर कळते. शिवाय ज्याची बंडखोरी पुढे इतकी गाजते तो सैतान या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्म आहे. कर्तृत्व त्याला अखेरच्या उपवाक्यात मिळते, तेही ज्या कृत्याने त्याचा नाश झाला त्या कृत्यापुरते.

भारतीय शाब्दबोधाच्या परिभाषेत हे अधिक नेमके सांगता येते. वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. परस्परांची अपेक्षा असलेली पदे जवळ असावीत, हे संनिधीचे तत्त्व. मिल्टन संनिधी ताणतो, ती तुटू देत नाही. आणि त्या ताणामुळे आकांक्षा दीर्घकाळ जागी राहते. त्याच्या शैलीत जी भव्यता जाणवते तिचे एक प्रमुख कारण मोठे शब्द नसून ही लांबलेली आकांक्षा होय.

टी. एस. एलियट यांनी १९३६ मध्ये असे मत मांडले की या काव्याचे पुरते ग्रहण होण्यासाठी ते दोन प्रकारे, एकदा नादासाठी आणि एकदा अर्थासाठी, वाचावे लागते. नाद आणि अर्थ यांची फारकत झाली आहे, असा त्यात आक्षेप होता. १९४७ च्या व्याख्यानात त्यांनी आपल्या भूमिकेला बरीच मुरड घातली. क्रिस्टोफर रिक्स यांनी १९६३ च्या ग्रंथात मिल्टनची वाक्यरचना अर्थाच्या सूक्ष्म छटा कशी वाहते हे उदाहरणांनी दाखविले. वर दिलेले सैतानाचे वाक्य या दुसऱ्या पक्षाला पुष्टी देणारे आहे.

केवळ तर्कशुद्ध अन्वयावर विसंबल्यास काय होते, याचा धडा रिचर्ड बेंटली यांच्या १७३२ च्या आवृत्तीत मिळतो. ग्रीक-लॅटिनचे हे थोर पंडित. मिल्टनची दृष्टी १६५२ पर्यंत पूर्णपणे गेली होती आणि काव्य त्याने तोंडी सांगून लिहवून घेतले होते. यावरून बेंटली यांनी असे अनुमान केले की लेखनिकाने आणि संपादकाने त्यात पुष्कळ पाठ बिघडविले असावेत. आणि जेथे जेथे तर्काला खटकेल तेथे त्यांनी दुरुस्त्या सुचविल्या. नरकातील अग्नी प्रकाश न देता दिसणारा अंधार देतो, ही मिल्टनची कल्पना त्यांना विसंगत वाटली; तिच्या जागी त्यांनी पारदर्शक काळोखाची कल्पना घातली. तर्क सुधारला आणि नरक नाहीसा झाला.

आघात आणि ओळीचा शेवट

नादाचा विचार करताना मराठी विद्यार्थ्याची एक सवय आड येते. मराठी अक्षरगणवृत्तांचा पाया लघु-गुरू हा, म्हणजे उच्चारकालाचा आहे. इंग्रजी छंदाचा पाया आघाताचा आहे. मिल्टनची ओळ साधारणपणे दहा अक्षरांची असून तीत पाच आघातस्थाने असतात. परंतु प्रत्येक स्थानी सारखाच जोर येत नाही. ती गणवृत्ताच्या चालीत म्हटली तर एकसुरी होते, आणि मराठी बोलण्यातील जवळजवळ सम आघाताने वाचली तर गद्य होते. पहिल्या ओळीतील अवज्ञेचा वाचक शब्द मराठी वळणाने पाच अक्षरांचा उच्चारला जातो. छंदात तो चारच अक्षरांचा आहे, कारण शेवटची दोन अक्षरे एकात मिळतात. असे मिळवून घेतलेले उच्चार कानाला कळेपर्यंत ओळ दहा अक्षरांत बसत नाही. याकरिता मोठ्याने वाचणे हा अध्ययनाचा भाग मानला पाहिजे.

निर्यमक पद्याचा हा प्रकार इंग्रजीत महाकाव्याच्या अनुवादातूनच आला. सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड याने व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या दुसऱ्या व चौथ्या सर्गांचा अनुवाद यमकावाचून केला, त्याला १५४७ मध्ये देहदंड झाला आणि हे दोन्ही सर्ग १५५७ मध्ये एकत्र छापले गेले. पुढे हे पद्य प्रामुख्याने नाटकाचे झाले. मिल्टनने ते महाकाव्याकडे परत आणले आणि १६६८ मध्ये जोडलेल्या टिपणात त्याचे समर्थन केले. अर्थ एका ओळीतून दुसऱ्या ओळीत निरनिराळ्या प्रकारे ओढत नेणे हे या पद्याच्या सौंदर्याचे एक अंग आहे, असा त्याचा आशय होता. निर्यमक पद्य डोळ्यांपुरतेच पद्य असते, असा एका टीकाकाराचा अभिप्राय सॅम्युएल जॉन्सन यांनी १७७९ च्या मिल्टनचरित्रात नोंदविला आहे. ओळीच्या शेवटी न थांबणाऱ्या वाचकाच्या बाबतीत तो खराही ठरेल. वाक्य पुढे जात असले तरी ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळावे लागते.

त्या रेंगाळण्यात अर्थ कसा दडलेला असतो हे पहिल्या ओळीतच दिसते. तिचा शेवटचा शब्द ‘फळ’ या अर्थाचा आहे. अवज्ञेच्या पाठोपाठ तो आल्यामुळे ‘अवज्ञेचे फळ’, म्हणजे परिणाम, असा अर्थ मनात येतो. पुढच्या ओळीत ‘निषिद्ध वृक्षाचे’ हे शब्द येतात आणि ते फळ खाण्याचे होते. अपराधाचे साधन आणि अपराधाचा परिणाम क्षणभर एकाच शब्दात राहतात. मराठी वाचकाला यासाठी टिपणाची गरज नाही. ‘कर्माचे फळ’ आणि ‘झाडाचे फळ’ हे दोन्ही अर्थ त्याच्या भाषेतही एकाच शब्दात नांदत आले आहेत.

याच कथेचे मराठीतील रूप समोर ठेवल्यास ओळ आणि वाक्य यांचे नाते अधिक स्पष्ट होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, तेव्हा मिल्टन बालवयात होता. सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवांचे पतन आणि त्यांचा उद्धार हा विषय दोन्ही काव्यांना समान आहे. परंतु स्टीफन्सने मराठी श्रोत्यांसाठी ओवी स्वीकारली. तीन सयमक चरण आणि आखूड चौथा चरण या बांधणीत अर्थ बहुधा ओवीच्या अखेरीस विसावतो आणि श्रोत्याला श्वास मिळतो. मिल्टन हा विसावा नाकारतो. एकच पतनकथा ओवीत ऐकणे आणि निर्यमक पद्यात ऐकणे यांत अनुभवाचा जो फरक पडतो, तो पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून स्वतः पडताळून पाहावा.

शब्दाचे दोन काल

वाक्य हाती आल्यानंतर शब्दकोशाचा खरा उपयोग सुरू होतो. मिल्टन लॅटिनमूलक शब्द पुष्कळदा मूळ अर्थाने योजतो, पण प्रचलित अर्थही पुसून टाकत नाही. चौथ्या सर्गात ईडनमधील प्रवाहांच्या वळणांना तो ज्या शब्दाने संबोधतो त्याचा प्रचलित अर्थ ‘चूक’ असा, आणि लॅटिन अर्थ ‘भटकणे’ असा आहे. पतन अद्याप घडलेले नाही. म्हणून हे भटकणे निष्पाप आहे. तरीही पुढची कथा जाणणाऱ्या वाचकाच्या कानावर ‘चूक’ हा अर्थ पडल्यावाचून राहत नाही. शब्द पतनापूर्वीचा आणि वाचक पतनानंतरचा, असा हा प्रसंग आहे. संस्कृत ‘भ्रम्’ धातूचा इतिहास हेच सांगतो. ‘भ्रमण’ या शब्दात तो निर्दोष राहिला आणि ‘भ्रम’ या शब्दात दोष झाला. दोन दूरस्थ भाषांत अर्थपरिवर्तनाची वाट एकच निघावी, हे अर्थविचाराच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे.

काव्याच्या अखेरीस आदम आणि ईव्ह हातात हात घेऊन उपवनातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांची पावले भटकती आणि मंद आहेत असे मिल्टन सांगतो. भटकणे पुन्हा आले आहे, पण आता ते निष्पापही नाही आणि केवळ दोषही नाही. पुढचा मार्ग शोधणाऱ्यांचे ते भटकणे आहे. बेंटली यांना हा शेवटही पटला नाही; त्यांनी भटकणे आणि एकाकीपण काढून त्या ठिकाणी सहवास आणि दिलासा घातला. चौथ्या सर्गातील प्रवाह लक्षात ठेवणाऱ्या वाचकाला ही दुरुस्ती किती महाग पडली असती हे सांगावे लागत नाही.

उपमा आणि दख्खनचा वड

मिल्टनच्या दीर्घ उपमांना अलंकारशास्त्राची परिभाषा लावता येते. उपमेय, उपमान आणि साधारण धर्म प्रथम ठरवावेत. मग उपमानाचा जो भाग साधारण धर्मात बसत नाही त्याकडे पाहावे. पहिल्या सर्गात सैतानाच्या प्रचंड देहाला एका सागरी महाप्राण्याची उपमा आहे. साधारण धर्म आकाराचा. परंतु उपमान तेथेच थांबत नाही. रात्री एखादा खलाशी त्या प्राण्याला बेट समजून त्याच्या कातडीत नांगर रोवतो, असे मिल्टन पुढे सांगतो. आकाराशी याचा संबंध नाही; विश्वासाशी आहे. ज्याला आधार समजून नांगर टाकला तो बुडी मारणार आहे, ही सूचना उपमेयाविषयी उघडपणे काही न बोलता दिली जाते.

नवव्या सर्गातील एक उपमा महाराष्ट्रातील वाचकाला विशेष जवळची आहे. पतनानंतर लज्जित झालेली आदम आणि ईव्ह अंग झाकण्यासाठी अंजिराच्या जातीच्या झाडाची पाने घेतात. हा वृक्ष फळांसाठी प्रसिद्ध असलेला अंजीर नव्हे. मलबार व दख्खन येथील भारतीयांना परिचित असलेला तो आहे, असे मिल्टन स्पष्ट करतो. फांद्यांतून मुळ्या खाली उतरतात, मातेभोवती कन्या वाढाव्यात तसे नवे बुंधे उभे राहतात, खांबांची दालने तयार होतात आणि उन्हात गुराखी तेथे आश्रय घेतो. हे वर्णन वडाचे आहे याविषयी शंका नको. मात्र त्याची पाने ढालीएवढी रुंद असल्याचे मिल्टन म्हणतो. आणि ज्याने वडाच्या पानांची पत्रावळ पाहिली आहे तो येथे थबकेल. मिल्टनने वड पाहिलेला नव्हता. पानांची ही ढाल प्लिनीच्या प्राचीन ग्रंथातून चालत आलेली असून जॉन जेरार्ड यांच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथातील वर्णनाशीही मिल्टनचे वर्णन जुळते. टीकाकाराला सापडलेली ही चूक म्हणून सोडून देण्यापूर्वी उपमानाचा वाढावा पाहावा. एका बुंध्यापासून असंख्य बुंधे, आणि प्रत्येक पुन्हा मातीत रुजणारा : आदिमातेच्या एका कृतीपासून पुढील सर्व संततीत पसरणाऱ्या पापाचे चित्र यापरते नेमके मिळणे कठीण होते. पानांचे माप चुकले असले तरी वृक्षाची निवड चुकलेली नाही.

समग्र वाचनाची आवश्यकता

विद्यापीठीय अभ्यासक्रमांत या काव्याचा पुष्कळदा पहिला किंवा पहिला आणि दुसरा सर्ग नेमलेला असतो. हे दोन सर्ग मिळून १८५३ ओळी होतात, म्हणजे काव्याच्या एकषष्ठांशाहून थोडा अधिक भाग. ते नरकात घडतात आणि त्यांत सैतानाची वक्तृत्वपूर्ण भाषणे आहेत. तेवढ्यावर थांबणाऱ्या विद्यार्थ्याचा सैतान हाच नायक आहे असा ग्रह झाला तर नवल नाही. विल्यम ब्लेक आणि शेली यांच्यापासून विल्यम एम्पसन यांच्या १९६१ च्या ग्रंथापर्यंत हा पक्ष समर्थपणे मांडला गेला आहे; सी. एस. लुईस यांनी १९४२ मध्ये त्याच्या उलट बाजू मांडली. आणि स्टॅन्ली फिश यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले की वाचकाला सैतानाच्या वक्तृत्वाने मोहात पाडून मग सावध करणे हीच काव्याची रीत आहे. वाद जिवंत आहे. परंतु यांपैकी प्रत्येक पक्षाने सर्व बारा सर्ग विचारात घेतले होते.

चौथ्या सर्गात सैतान पाणकावळ्यासारखा जीवनवृक्षावर बसतो आणि बेडकासारखा ईव्हच्या कानाशी दबा धरतो. दहाव्या सर्गात तो विजयवार्ता घेऊन नरकात परततो, जयघोषाची अपेक्षा करतो आणि त्याला सर्वत्र फूत्कार ऐकू येतात. क्षणात तो स्वतःही सर्प होतो. पहिल्या सर्गातील भाषणांचे मूल्यमापन या फूत्काराशिवाय करणे म्हणजे खटल्याची अर्धी साक्ष ऐकून निकाल देणे होय. तसेच सर्वांत आधीची घटना पाचव्या सर्गात सांगितली आहे. कालक्रमाने कथा मांडावयाची तर पाचवा, सहावा आणि सातवा सर्ग पहिल्याच्या आधी ठेवावे लागतात. हा क्रम विद्यार्थ्याने एकदा कागदावर स्वतः मांडावा.

समग्र वाचन अशक्यप्राय आहे अशी जी भीती असते तिला आधार नाही. रोज सुमारे शंभर ओळी वाचल्यास साडेतीन महिन्यांत काव्य संपते. त्या शंभर ओळी प्रथम मोठ्याने वाचाव्यात; नंतर वाक्ये मोजून प्रत्येकाचे मुख्य क्रियापद अधोरेखित करावे; जेथे अडेल तेथे खंडान्वय लावावा; मग टिपणे पाहावीत, आणि शेवटी अन्वय बाजूला ठेवून त्याच ओळी मूळ क्रमाने पुन्हा मोठ्याने वाचाव्यात. टिपणांसाठी ए. डब्ल्यू. व्हेरिटी यांची जुनी आवृत्ती किंवा १९६८ मध्ये प्रथम निघालेली अ‍ॅलस्टेर फाउलर यांची आवृत्ती उपयोगी आहे. परंतु टिपणांचे स्थान या क्रमात चौथे आहे, पहिले नव्हे. धार्मिक ग्रंथाचे पारायण करणाऱ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला नियमाने वाचत जाण्याची ही शिस्त नवी वाटू नये.

जॉन्सन यांनी या काव्याचे वाचन आनंदापेक्षा कर्तव्य म्हणून होते, असा अभिप्राय दिला होता. तो मान्य करावा की नाही, ब्लेकच्या पक्षाला जावे की लुईसच्या, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. मात्र ठरविण्याचा अधिकार वाचनाने मिळतो. ज्याने सैतानाच्या पतनाचे वाक्य एकदा स्वतः सोडवून पुन्हा बांधले आहे तो या थोर टीकाकारांशी सहमत होवो वा न होवो, त्याचे मत त्याचे स्वतःचे असते. आणि विद्यापीठातील साहित्याध्ययनाला यापेक्षा निराळे प्रयोजन असेल असे वाटत नाही.